पावती अस्सल, व्हाउचर गायब

मस्जिद बंदरच्या एका सुकामेव्याच्या पेढीत घडलेला हा प्रकार. अकाउंटंट गणपतीला गावी गेला, म्हणून उधारीच्या तगाद्याचे फोन मालकांनी स्वतः केले. एक दुकानदार चिडून रोख भरल्याची छापील पावती घेऊन आला. पावती अस्सल होती. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या नंबरावर भलत्याच पार्टीची जमा.

अकाउंटंट रोख घ्यायचा, रिसीट व्हाउचर (टॅलीतली जमेची नोंद) करून पावती छापून द्यायचा आणि नंतर ऑल्ट-डी दाबून व्हाउचर उडवायचा. नोंद आणि नोटा दोन्ही गेल्यावर रोखमेळ गल्ल्याशी जुळणारच. व्हाउचर टाइपमध्ये डिलीटनंतर नंबर 'रीनंबर' होतील असं ठेवलेलं, त्यामुळे पुढचे नंबर मागे सरकून जागा भरून जायची. तिथे 'रिटेन ओरिजिनल व्हाउचर नंबर' असतं, तर क्रम तुटलेला दिसला असता. चुकीची पावती रद्द करायला ऑल्ट-एक्स आहे; त्यात नंबर जागेवर राहतो. रोखीच्या व्हाउचरला डिलीट लागतंच कशाला?

खरं भगदाड लॉगिनमध्ये होतं. मालक, अकाउंटंट, बिलं करणारा मुलगा, सगळे एकाच मालकी पासवर्डने शिरायचे. भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेल्या अपहाराला ३१६(४) आणि हिशेबातल्या खोटेपणाला ३४४ ही कलमं आहेत, पण बटण कोणी दाबलं हे अशा लॉगिनवरून कसं ठरवणार?

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-के दाबून कंपनी 'ऑल्टर'ला घ्या, 'कंट्रोल यूजर ॲक्सेस टू कंपनी डेटा' 'येस' करा. मालकी पासवर्ड मालकांकडेच. मग 'यूजर रोल्स'मध्ये रोखीच्या माणसासाठी वेगळा रोल करून व्हाउचर बदलण्याची परवानगी काढा, मागच्या तारखेच्या नोंदींना दिवसांची मर्यादा घाला आणि 'यूजर्स अँड पासवर्ड्स'मध्ये प्रत्येकाला स्वतःचं नाव द्या. एवढ्यावर विसंबू नका: बॅकअपच्या कॉपीवर रोखीच्या माणसाच्या नावाने शिरून ऑल्ट-डी दाबून बघा.

१ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉगची, म्हणजे कोणती नोंद कोणी कधी बदलली किंवा उडवली याच्या नोंदीची, सक्ती कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आहे. भागीदारी पेढीला ती नाही, म्हणून बाजारात तो सर्रास बंद असतो. साध्या टॅलीप्राइममध्ये तो बंद ठेवता येतो, 'एडिट लॉग' आवृत्तीत नाही, तीच घ्या. अर्थात सगळे एकाच नावाने शिरत असतील तर लॉगही तेच एक नाव दाखवणार.

डेटा फोल्डर नेटवर्कवर 'एव्हरीवन'ला खुला असेल तर जुना बॅकअप त्यावर चढवून सगळं पुसता येतं. विंडोजमधली ती परवानगीही आवळा. टॅलीव्हॉल्ट (कंपनीचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) लावलंत तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो हरवला तर डेटा उघडत नाही. आणि खातेउतारे पार्टीला मालकांनीच थेट पाठवायचे, अकाउंटंटच्या हातून नाही.