गिम्पवर सात महिने: शॉर्टकट कुठपर्यंत पुरतो आणि स्क्रिप्ट कुठे लागते

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचे बांधीव खंड आहेत. त्यांची पाने कडांनी तुटू लागल्यामुळे ती स्कॅन करून ठेवण्याचे काम आम्ही तिघांनी हाती घेतले आणि स्कॅन केलेली पाने स्वच्छ करण्यासाठी गिम्प हे सॉफ्टवेअर निवडले. ते विनामूल्य आहे, वाचनालयाच्या जुन्या संगणकावर बरे चालते आणि उद्या आमच्यानंतर काम करणाऱ्यालाही परवान्याचे पैसे भरल्याशिवाय ते वापरता येईल, एवढी कारणे आम्हाला पुरेशी होती. गेले सात महिने मी जवळजवळ रोज संध्याकाळी दोन तास हे काम करतो आहे. हा अनुभव लिहिताना गिम्पची सगळी अंगे तपासण्याचा माझा हेतू नाही. तेच तेच काम शेकडो पानांवर करावे लागणाऱ्या माणसाने चांगल्या शॉर्टकटची, म्हणजे एक-दोन कीज दाबून आज्ञा चालवण्याच्या सोयीची, मागणी करावी, की स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे अनेक पायऱ्या आपोआप चालवणारा छोटा प्रोग्राम, लिहायला शिकावे, या एकाच प्रश्नाने मला या काळात सतत अडवले आणि त्याच्याविषयीच मला सांगायचे आहे.

आधी एका पानाचे काम काय असते ते सांगतो. पान उघडायचे, तिरके असेल तर सरळ करायचे, खंडाच्या शिवणीकडची काळी पट्टी कापायची, रंगीत स्कॅनचे करड्या छटांत रूपांतर करायचे, 'लेव्हल्स'मधून पिवळा पडलेला कागद पांढरा आणि फिकी शाई काळी करायची, थोडी धार द्यायची, आणि मूळ फाइलला हात न लावता नवी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याच नावाने काढायची. सुरुवातीला मेन्यू शोधत हे करताना एका पानाला चार मिनिटे लागत. १६० पानांच्या अंकाला या हिशेबाने जवळजवळ अकरा तास होतात. शिवाय उजव्या मनगटाला जे सोसावे लागते ते वेगळेच.

त्यामुळे माझा पहिला ओढा शॉर्टकटकडे होता. आम्ही वापरत असलेल्या गिम्प २.१० या आवृत्तीत साधनांना शॉर्टकट ठरवून दिलेले आहेत. कापण्यासाठी शिफ्ट आणि सी, फिरवण्यासाठी शिफ्ट आणि आर, मोजपट्टीसाठी शिफ्ट आणि एम. परंतु ज्या आज्ञा मला प्रत्येक पानावर लागत, त्यांतल्या 'लेव्हल्स', 'स्केल इमेज' (चित्राचा आकार बदलणे) आणि 'फ्लॅटन इमेज' (चित्राचे सगळे थर एक करणे) यांना मुळात एकही शॉर्टकट नाही. हे पाहिल्यावर मला खरोखर वाईट वाटले होते. पुढे 'एडिट' मेन्यूतील 'कीबोर्ड शॉर्टकट्स' ही खिडकी सापडली आणि बराचसा राग निवळला. तिथे जवळजवळ प्रत्येक आज्ञेला आपल्या पसंतीची की देता येते, आणि ती की आधीच दुसऱ्या आज्ञेला दिलेली असेल तर गिम्प तसे सांगून बदलायचे का ते विचारते. मी एफ ५ ते एफ ९ या मोकळ्या कीज या कामासाठी राखून ठेवल्या. क्वचित लागणाऱ्या आज्ञांसाठी तिरकी रेघ दाबली की शोधाची चौकट उघडते, तिथे आज्ञेच्या नावाची दोन-तीन अक्षरे टाइप केली की पुरते. ही सोय मला फार उशिरा कळली.

मराठीत काम करणाऱ्याला एक अडचण मुद्दाम सांगायला हवी. फाइलच्या नोंदी लिहिण्यासाठी मी कळफलक देवनागरीवर नेतो आणि परत आणायला विसरतो. माझ्या संगणकावर अशा वेळी एका अक्षराचे शॉर्टकट चालतच नाहीत. ब्रश निवडण्यासाठी पी दाबावा आणि काहीच होऊ नये, असे पहिल्या आठवड्यात कितीतरी वेळा झाले. एफच्या ओळीतल्या कीज मात्र कळफलकाची भाषा कोणतीही असली तरी बदलत नाहीत, म्हणून रोजची कामे त्यांच्यावर नेणे मला दुहेरी फायद्याचे ठरले.

एवढी जुळवाजुळव झाल्यावर एका पानाचा वेळ अडीच मिनिटांवर आला, पण तिथेच अडला. शॉर्टकटने 'लेव्हल्स'ची खिडकी उघडते, मात्र त्या खिडकीत काय भरायचे हे शॉर्टकटला सांगता येत नाही. खिडकी उघडा, जतन केलेले मूल्य निवडा, ठीक म्हणा. मग धार देण्याची खिडकी उघडा, पुन्हा तेच. कंट्रोल आणि एफ दाबले की शेवटचा फिल्टर त्याच मूल्यांनी पुन्हा चालतो खरा, पण तो एकच, आणि मला तर एकामागून एक चार पायऱ्या हव्या होत्या. फोटोशॉपमध्ये याला 'अ‍ॅक्शन्स'चे उत्तर आहे. १९९६ च्या ४.० आवृत्तीपासून तिथे केलेले काम नोंदवून ठेवता येते आणि ती नोंद एफच्या एखाद्या कीला जोडता येते. गिम्पमध्ये अशी नोंदणी नाही. जे नोंदवता येत नाही ते लिहावे लागते, आणि लिहिण्याची सोय मात्र १९९८ च्या १.० आवृत्तीपासून स्क्रिप्ट-फू या गिम्पमधल्याच सोयीच्या रूपाने आहे.

मी पेशाने प्रोग्रामर नाही. स्क्रिप्ट-फू ज्या स्कीम या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितात, तिच्यात कंसांच्या आत कंस आणि त्यांच्या आत आणखी कंस असतात, आणि पहिले चार-पाच दिवस ते मोजण्यातच गेले. 'हेल्प' मेन्यूतील 'प्रोसिजर ब्राउझर' हा माझा खरा शिक्षक झाला. गिम्प आतून ज्या प्रक्रिया चालवते त्यांची नावे आणि त्यांना काय द्यावे लागते हे सगळे तिथे वाचता येते. दोन गोष्टींनी मला विशेष छळले. पहिली अशी की गिम्पकडून येणारे उत्तर एकच असले तरी ते यादीत गुंडाळून येते, म्हणून प्रत्येक वेळी 'कार' हा शब्द वापरून ते यादीतून बाहेर काढावे लागते, आणि तो एक शब्द विसरला की स्क्रिप्ट अडते. दुसरी गोष्ट 'लेव्हल्स'ची. खिडकीत ही मूल्ये ० ते २५५ अशी दिसतात, पण २.१० मधील प्रक्रियेला ती ० ते १ या मापात द्यावी लागतात. माझ्या वहीत ४० आणि २१५ असे आकडे होते. त्यांना २५५ ने भागून ०.१५७ आणि ०.८४३ असे लिहायचे हे लक्षात यायला एक अख्खी संध्याकाळ गेली. स्क्रिप्टच्या सुरुवातीला आणि शेवटी 'अनडू'चा (केलेले मागे घेण्याचा) गट उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या ओळी घातल्या की सगळे काम एका कंट्रोल आणि झेडने मागे घेता येते, आणि त्या घातल्या नाहीत तर प्रत्येक पायरी वेगळी मागे घ्यावी लागते. ज्याला कुणाला स्क्रिप्ट लिहायची आहे त्याने या दोन ओळी सर्वांत आधी लिहाव्यात, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

पंधरा दिवसांनी माझी स्क्रिप्ट तयार झाली. सरळ करून कापलेले पान समोर असताना ती करडे रूपांतर, 'लेव्हल्स', डाग काढणारा 'डिस्पेकल' फिल्टर, धार आणि नवी फाइल एवढे सगळे एका दमात करत असे. मी एका अंकाची सगळी पाने दोन संध्याकाळींत तिच्यातून काढली आणि मला फार आनंद झाला.

तो आनंद तीन दिवस टिकला. आमच्या सहकारी, निवृत्त शिक्षिका, प्रत्येक स्वच्छ पान मुळाशी ताडून पाहतात. त्यांनी मला बोलावून पडद्यावर बोट ठेवले आणि विचारले, "अहो, इथे 'अंक' आहे की 'अक'?" मी पान मोठे करून पाहिले. 'अ'वरचा अनुस्वार नव्हता. खालच्या ओळीत 'संबंध'चा 'सबध' झाला होता आणि एके ठिकाणी रफाराची वरची बारीक वळी अर्धी उडाली होती. खिळे जुळवून छापलेल्या त्या पानावर अनुस्वाराचे टिंब ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅनमध्ये जेमतेम पाच पिक्सेलांचे, म्हणजे पाच ठिपके रुंद, होते, आणि 'डिस्पेकल'ची त्रिज्या मी ३ ठेवली होती. हा फिल्टर प्रत्येक ठिपक्याच्या आसपासचा चौकोन पाहून त्यातली मधली छटा घेतो, तेव्हा एवढे लहान टिंब त्याच्या लेखी कागदावरचा डागच ठरते. फिल्टरने आपले काम चोख केले होते, चूक माझी होती. रोमन लिपीच्या पानावर कदाचित हे इतक्या उशिरा लक्षात आले नसते, किंवा इतके घडलेही नसते, पण आपल्या लिपीत टिंबाला अक्षराइतकाच अर्थ आहे. मूळ फाइली सुरक्षित होत्या म्हणून निभावले, आणि ती सगळी पाने आम्ही पुन्हा केली.

त्या दिवसापासून मी कामाची विभागणी बदलली. जिथे पानागणिक डोळ्याने निर्णय घ्यावा लागतो, तिथे स्क्रिप्ट घालायची नाही, फक्त हात लवकर पोहोचेल असा शॉर्टकट ठेवायचा. जिथे निर्णय आधीच झालेला आहे आणि उरली आहे ती निव्वळ मजुरी, तिथे स्क्रिप्ट. पान सरळ करणे हे पहिल्या प्रकारचे काम आहे आणि देवनागरीत ते करताना मला दरवेळी समाधान मिळते. शिफ्ट आणि एमने मोजपट्टी घ्यायची, पानाच्या मध्यावरची एखादी लांब ओळ निवडायची, पहिल्या शब्दाच्या शिरोरेषेपासून शेवटच्या शब्दाच्या शिरोरेषेपर्यंत रेघ ओढायची आणि 'स्ट्रेटन'चे बटण दाबायचे. शिरोरेषा ही आपल्याला छपाईतच मिळालेली आडवी रेघ आहे, त्यामुळे अंदाजाने कोन भरावा लागत नाही. मात्र शिवणीकडे पान वळलेले असले तर ओळीच्या टोकाला ही रेषा वाकते, म्हणून कोणती ओळ घ्यायची हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते.

आता एका मोठ्या स्क्रिप्टऐवजी तीन छोट्या आहेत. एफ ६ वर करडे रूपांतर आणि सौम्य 'लेव्हल्स', एफ ७ वर जास्त पिवळ्या पानांसाठी कडक 'लेव्हल्स', आणि एफ ८ वर धार देऊन नवी फाइल काढणे. आपण लिहिलेली स्क्रिप्ट नोंदवली की ती शॉर्टकटच्या खिडकीत इतर आज्ञांबरोबरच दिसते, हे मला आधी ठाऊक असते तर दोन महिने वाचले असते. डाग काढणे मी स्क्रिप्टमधून पूर्णपणे काढले. मोठे डाग आम्ही हाताने पुसतो, बारीक डाग राहू देतो. एफ ६ आणि एफ ८ यांच्या मध्ये जो थांबा आहे, त्यात पानावर एक नजर टाकायची आणि अनुस्वार जागेवर आहेत ना हे पाहायचे. पानाला आता सव्वा मिनिट लागते, आणि ते आणखी कमी करण्याची मला इच्छा नाही.

इथपर्यंतचे वाचून स्क्रिप्ट शिका म्हणजे झाले, असा निष्कर्ष कुणी काढू नये. शॉर्टकट मागणाऱ्याला 'स्क्रिप्ट लिहा की' असे उत्तर सहज दिले जाते, आणि सात महिन्यांनंतर ते उत्तर मला अपुरे वाटते. त्याचे एक कारण आवृत्ती बदलल्यावर समजले. मार्च २०२५ मध्ये आलेली गिम्प ३.० मी हौसेने बसवली आणि माझ्या तिन्ही स्क्रिप्ट्स बंद पडल्या. नव्या आवृत्तीत एकाच वेळी अनेक लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, निवडता येतात, त्यामुळे 'सक्रिय लेअर कोणता' असे विचारणारी जुनी प्रक्रिया गेली आणि तिच्या जागी निवडलेल्या लेअरांची यादी देणारी प्रक्रिया आली. धार देण्याची प्रक्रियाही जुन्या नावाने मिळेना. बदल योग्य आहेत, २.१० ही २०१८ ची आवृत्ती होती आणि कधीतरी हे व्हायचेच होते. पायथन या दुसऱ्या भाषेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचे तर याहून अवघड झाले असणार, कारण २.१० मधील पायथन दुसऱ्या आवृत्तीचे होते आणि त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजीच संपला होता. पण स्क्रिप्ट दुरुस्त करायला मी होतो. मी नसतो तर आमच्या शिक्षिकाबाईंनी 'अनबाउंड व्हेरिएबल' (स्क्रिप्टमधले नाव ओळखता येत नाही) या चुकीच्या सूचनेतल्या दोन शब्दांसमोर काय करावे? त्या पान वाचण्यात माझ्याहून दसपट तरबेज आहेत, आणि हे काम खरे तर त्यांच्यासारख्यांचेच आहे.

म्हणून मागणी करणे मला आजही रास्त वाटते, फक्त ती नेमकी असावी. 'शॉर्टकट चांगले द्या' एवढ्याने कुणाला काही करता येत नाही. 'लेव्हल्स'सारख्या रोजच्या आज्ञेला आरंभीच एखादी की द्यावी. जतन केलेले मूल्य खिडकी न उघडता लावण्यासाठी त्या मूल्यालाच की जोडता यावी. आणि केलेले काम नोंदवून पुन्हा चालवण्याची सोय यावी, या माझ्या मागण्या आहेत. पैकी शेवटची मोठी आहे आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाकडून ती उद्या पुरी होईल अशी माझी अपेक्षा नाही. मधली आली तरी माझ्या तीनपैकी दोन स्क्रिप्ट्सची गरज संपेल. क्रिटा या चित्रकलेच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दहा पायथन स्क्रिप्ट्सना दहा शॉर्टकट जोडून देणारे प्लग-इन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, सोबतच येते. ज्याला स्क्रिप्ट लिहिता येत नाही, त्यालाही दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट तिथे बसवता येते. अशा सोपेपणाची मला गिम्पमध्ये उणीव भासते.

तूर्त वाचनालयाच्या संगणकावर २.१० च ठेवली आहे आणि ३.० साठीच्या नव्या स्क्रिप्ट्स मी घरच्या संगणकावर तपासतो आहे. एफ ६ ची झाली, एफ ७ ची झाली. एफ ८ अजून फाइलचे नाव चुकवते, ते बरोबर झाल्याशिवाय तिकडे आवृत्ती बदलणार नाही. पडद्याच्या कडेला बाईंनी स्वतःच्या अक्षरात कीजची चिठ्ठी चिकटवली आहे, आणि तिच्या शेवटच्या ओळीत एफ ७ आणि एफ ८ यांच्या मध्ये त्यांनी लिहिले आहे: 'टिंबे पाहा'.