‘चालणारी’ सान्सेव्हिएरिया: चौदा महिन्यांत एक पाऊल

काल हिच्या पानाच्या टोकाने माझा दुसरा कुर्ता फाडला, म्हणून आज लिहायला बसले.

नैरोबीत राहून पिंग्विक्युला, म्हणजे स्नेक प्लांटच्या गोतातली ही ‘चालणारी’ सान्सेव्हिएरिया, घरात नाही म्हणजे काय, या हट्टापायी रस्त्याकडेच्या नर्सरीतून अठराशे शिलिंगला उचलली. पाच पानांचं रोप! तेवढ्यात साध्या स्नेक प्लांटच्या चार कुंड्या आल्या असत्या. ‘ही चालते, मॅडम,’ या एका वाक्याला भुलले. सहा महिने तसूभर हलली नाही. विचारलं तर नर्सरीवाला म्हणे, ‘पोले पोले.’ हळूहळू.

पानं मात्र देखणी. अंगठ्याहून जाड, निळसर हिरवी, वरून पन्हळीसारखी खोलगट, कडेला कागदासारखी किनार. येणारा-जाणारा घायपात समजतो. आणि टोकाला काटा कसला, दाभणच! आमची कपड्यांची दोरी नेमकी वरती. कुर्ता, उशीचा अभ्रा, नवऱ्याचा गुडघा, सगळं झालं. आता प्रत्येक टोकाला बाटलीच्या बुचाचा तुकडा खोचलाय. शोभेच्या रोपाला बुचं!

जूनमध्ये आई साताऱ्याहून आली. तुळशीबरोबर हिलाही रोज तांब्याभर पाणी. ही सान्सेव्हिएरिया पूर्व केनियातल्या गारिसाकडच्या तापलेल्या, कोरड्या सखल भागातली, आणि इथला जून-जुलै ढगाळ, गारठ्याचा. एक पान बुडाशी पिकल्या केळ्यासारखं मऊ पडलं. मी तणतणत नर्सरीत गेले, बदलून दे म्हणाले. त्याने कुंडी उपडी करून चिखल दाखवला. मी गप्प. आईचं नाव मात्र घेतलं नाही.

सडका भाग कापला, रोप चार दिवस उघडं वाळवलं, खडी-वाळूत लावलं. पाणी तीन आठवड्यांतून एकदा, थंडीत तेही नाही.

आणि फेब्रुवारीत मत बदलावं लागलं. बुडातून जाड फुटवा निघाला, तोही जमिनीखालून नव्हे, हवेतून. कुंडीच्या काठावरून बाहेर झुकला, टोकाला पानांचा छोटा झुबका आला आणि त्यातून कोकणातल्या केवड्याला असतात तशी आधारमुळं खाली उतरली. पाय टेकायला जागा शोधत होती बिचारी! खाली दुसरी कुंडी सरकवली. रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभी असायचे.

बॅली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1964 मध्ये हिला सान्सेव्हिएरिया पिंग्विक्युला हे नाव दिलं, 2018 मध्ये ते ड्रॅसिना पिंग्विक्युला झालं. कुंडीवरची पाटी मी बदलणार नाही, रंग महाग आहे.

दोन रोपं झाली, म्हणजे एक नऊशेला पडलं. कुर्ते हिशेबात धरलेले नाहीत.