फ्लॅटमधला ट्रम्पेट, फ्लॅटमधला सॅक्सोफोन: आवाज कशाने दबतो आणि कशाने नाही

ट्रम्पेट वाजवत असाल तर एक चांगला प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे वाद्याच्या पुढच्या रुंद तोंडात (बेलमध्ये) बसवायचं आवाज दाबणारं बूच, घ्या, घरातला प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. सॅक्सोफोन किंवा क्लॅरिनेट असेल, तर बेलमध्ये बसवायच्या म्यूटवर पैसे घालू नका. दोन्ही वाद्यं फुंकून वाजवायची, दोन्ही खणखणीत, दुकानात शेजारीशेजारी टांगलेली. त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यालाही लागू पडेल असं वाटतं. तो पडत नाही, कारण आवाज बाहेर पडायची जागा दोघांची वेगळी आहे.

ट्रम्पेटमध्ये ओठांपाशी उठलेला स्वर व्हॉल्व्ह आणि नळ्यांतून फिरून फक्त पुढच्या बेलमधून बाहेर येतो. मधे कुठे भोक नाही. बेल बंद केली की आवाज कोंडला. सॅक्सोफोनच्या नळीला मात्र वरपासून खालपर्यंत भोकं आहेत, आणि जे पहिलं भोक उघडं पडतं त्याच्या आसपासच मुख्य आवाज बाहेर येतो. घरी करून बघा. डाव्या हाताची तीन बोटं दाबून मधला जी वाजवा आणि कुणाला तरी बेलच्या तोंडावर हात धरायला सांगा. आवाज जरा बोथट होईल, कमी म्हणावा असा होणार नाही. मग सगळ्या की, म्हणजे भोकं झाकणाऱ्या कळा, दाबून अगदी खालचा बी फ्लॅट लावा आणि पुन्हा हात धरायला सांगा. सूर अडखळतो, नाहीतर बोलतच नाही. बेलमध्ये टॉवेल कोंबला की नेमकं हेच होतं: खालचे दोन-तीन सूर बिघडतात आणि बाकीचे शेजाऱ्यांकडे आहेत तसे पोचतात. क्लॅरिनेट आणि सनईचंही हेच.

ट्रम्पेट: साधा म्यूट की सायलेंट ब्रास

आधी एक गोष्ट. स्ट्रेट, कप, हार्मन हे म्यूट आवाजाचा रंग बदलण्यासाठी आहेत, शेजाऱ्यांसाठी नव्हेत. घरासाठी मागायचा तो 'प्रॅक्टिस म्यूट'. त्याचं कॉर्क किंवा रबर बेलला सगळ्या बाजूंनी घट्ट चिकटतं आणि हवा अगदी बारीक छिद्रातून बाहेर जाते. आवाज साधारण वीस-पंचवीस डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे हा जवळपास चौथाई झाला. दार-खिडकी लावली तर शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना तो जाणवतही नाही.

किंमत मोजावी लागते ती ओठांना आणि कानांना. छिद्र बारीक असल्यामुळे हवा उलटी दाब देते, फुंक नेहमीसारखी मोकळी जात नाही. सूर चढतो, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) थोडी बाहेर ओढावी लागते. खर्जातले सूर डळमळतात, हलक्या म्यूटवर तर धरतच नाहीत. आणि स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस नकळत जास्त जोराने फुंकतो. महिनोनमहिने फक्त म्यूटवर रियाज करणाऱ्याचे ओठ आवळलेले असतात, आणि म्यूट काढला की त्याचा सूर फाटतो. म्हणून म्यूट निवडताना तो किती गप्प करतो यापेक्षा खालचे सूर किती सरळ लागतात हे बघावं. न्यूझीलंडचा ब्रेमनर आणि इंग्लंडचा डेनिस विक यांचे म्यूट जगभर वाजवणारे वापरतात. निनावी स्वस्त म्यूटमध्ये फसगत होते ती बहुतेक खर्जातच.

यामाहाने 1995 साली 'सायलेंट ब्रास' आणलं ते स्वतःचा आवाज ऐकू न येण्याच्या याच अडचणीवर. म्यूटच्या आत मायक्रोफोन असतो, त्याची वायर कमरेला अडकवायच्या छोट्या डबीत जाते आणि हेडफोनमध्ये ट्रम्पेट मोकळा वाजतोय असं ऐकू येतं. फोन त्याच डबीला जोडून तानपुरा किंवा ठेका सोबत घेता येतो. दाब आणि सूर चढणं मात्र राहतंच, कारण बेलमध्ये शेवटी म्यूटच आहे. साध्या म्यूटच्या कितीतरी पट पैसे जातात. रोजचा बहुतेक रियाज रात्रीच होणार असेल तर मी म्हणेन घ्या. नव्याने शिकत असाल तर साध्या म्यूटवर थांबा. घेतलंत तर एक पथ्य पाळा: हेडफोनमधला सभागृहाचा घुमारा बंद ठेवा. घुमाऱ्यात कच्चा सूरही गोड लागतो.

सॅक्सोफोन: बंद पेटी की डिजिटल वाद्य

इथे पर्याय कमी आणि महाग. एक म्हणजे अख्खा सॅक्स ज्यात मावतो अशी कडक पेटी. माऊथपीस तेवढं बाहेर, दोन्ही हात बाजूच्या भोकांतून आत. जपानच्या बेस्ट ब्रासची 'ई-सॅक्स' ही त्यातली प्रसिद्ध. चांगली बाजू ही की रीड (माऊथपीसला बांधलेली, थरथरणारी पातळ पट्टी), ओठ, फुंक सगळं खरं राहतं. पण वजन गळ्यात येतं, बोटं दिसत नाहीत, आणि आवाज ट्रम्पेटच्या म्यूटइतका काही दबत नाही. मुंबईच्या मे महिन्यात खिडक्या लावून त्या पेटीत हात घालून तासभर बसणं ज्याला जमेल त्याने घ्यावी.

दुसरा पर्याय डिजिटल वाद्याचा: फुंक आणि बोटं ओळखून ते इलेक्ट्रॉनिक आवाज काढतं आणि तो हेडफोनमध्ये ऐकता येतो. अकाई कंपनीचं ईडब्ल्यूआय (इलेक्ट्रॉनिक विंड इन्स्ट्रुमेंट) 1987 पासून आहे. त्याचा कर्ता नाइल स्टायनर हा स्वतः ट्रम्पेटवादक, आणि त्याने आधी तीन व्हॉल्व्हचं वाद्य केलं होतं. रोलँडचा एअरोफोन 2016 साली आला, यामाहाचा वायडीएस-150 2020 साली. ईडब्ल्यूआयच्या की दबत नाहीत, स्पर्शावर चालतात. बोटं टेकवून ठेवायची सवय असलेल्याला ते त्रासाचं होतं. एअरोफोन आणि वायडीएसच्या की सॅक्ससारख्या हलतात, म्हणून मूळ सॅक्स वाजवणाऱ्याने या दोघांतूनच निवडावं.

डिजिटलवर काय शिकता येतं ते नीट समजून घ्या. अलंकार, पलटे, ताना, बोटांचा वेग, गाण्याची पाठांतरं हे सगळं रात्री बारा वाजताही होतं. ओठ बसणं मात्र होत नाही, कारण रीड थरथरतच नाही. दमसासही अर्धाच, हवेला खऱ्या वाद्यासारखा विरोध नाही. आणि आपल्या संगीतासाठी सर्वांत मोठा फरक मींडेचा. खऱ्या सॅक्सवर ती ओठ आणि गळा ढिला सोडून येते, डिजिटलवर पुष्कळदा अंगठ्याने आणावी लागते. रागदारी करणाऱ्याने डिजिटलवर मींड घोटूच नये, हात चुकीच्या वळणावर जातो. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथवर सूर उशिरा पोचतो आणि लय पकडता येत नाही.

किंमत? चांगल्या शिकाऊ सॅक्सच्या घरात जाते. एवढे पैसे घालण्याआधी रियाजाला जागा शोधून बघा असं मी आग्रहाने सांगेन.

भिंतींना फोमचे चौकोन चिकटवणं हा सर्रास होणारा वायफळ खर्च. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषतो, बाहेर जाणारा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. विटांची भिंत ते काम आधीच करते, गळती आहे ती सरकत्या खिडकीतून आणि दाराखालून. दाराखाली रबराची पट्टी आणि खिडकीला जाड पडदे-गोधड्या, एवढ्यावर भागवा. साड्या-रजयांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तोंड करून वाजवलं तर टोकदारपणा थोडा कमी होतो.

वेळेचं म्हणाल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. उघडा ट्रम्पेट किंवा सॅक्स जवळून सहज नव्वदच्या वर जातो. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळची एक वेळ ठरवणं बरं, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत तीही सोडणं. वाद्य कोणतंही असो, आठवड्यातून दोनदा तरी ते पूर्ण मोकळं वाजलंच पाहिजे: शाळा सुटल्यावरचा वर्ग, चर्चचा हॉल, बँडवाल्यांची तालमीची खोली. सॅक्सवाल्याने डिजिटल न घेता या दोन दिवसांवर आणि संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेवर भागत असेल तर तेच करावं, सूर तिथेच तयार होतो.

म्यूट घ्यायला जाताना स्वतःचा ट्रम्पेट सोबत न्या. मुंबईतल्या धोबी तलावाच्या दुकानांत तो लावून बघू देतात का ते विचारा, आणि खालचा सी लांब धरून पाहा. नवं कॉर्क जाड वाटलं तर बारीक पॉलिश पेपरने थोडं थोडं घासता येतं, पण एकदम नको, घासलेलं परत येत नाही. लावताना बेलच्या आत तोंडाने गरम वाफ सोडा, ओलाव्यावर म्यूट टेकवा आणि किंचित पिळा. नाहीतर तो निसटून फरशीवर आपटतो आणि त्याला पोचा पडतो.