'पॉवर, करप्शन अँड लाइज' आणि 'ब्लू मंडे': न्यू ऑर्डरच्या दोन तबकड्या काही महिने वाजवल्यानंतर

न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडच्या १९८३ सालच्या दोन तबकड्यांबद्दल हे लिहितोय. एक म्हणजे 'पॉवर, करप्शन अँड लाइज' ही एलपी आणि दुसरी 'ब्लू मंडे' या गाण्याची बारा इंची सिंगल. दोन्ही नव्याने छापलेल्या प्रती आहेत. गाणी चांगली की वाईट हे चाळीस वर्षांत ठरून गेलंय, त्यात पडत नाही. ज्याला न्यू वेव्ह या त्या काळच्या पॉप-रॉक शैलीतली कोडी सोडवत बसायला आवडतं त्याने या विकत घ्याव्यात का, एवढंच बघायचं आहे. घ्याव्यात. मात्र कव्हरवरचं कोडं पक्कं सुटतं, गाण्यांच्या शब्दांचं तसं नाही. शब्दांवरून होणारे निम्मे वाद नीट न लावलेल्या सुईमुळे होतात आणि उरलेल्या निम्म्यांना उत्तर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कव्हरपासून सुरुवात करू. एलपीवर पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आँरी फाँतँ-लातूरने १८९० मध्ये रंगवलेली गुलाबांची परडी, आणि उजवीकडे वर रंगीत चौकोन. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, चौकोन कव्हर बनवणाऱ्या पीटर सॅव्हिलचे. चौकोन वाचले की 'फॅक्ट ७५' हा फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीचा क्रमांक निघतो. वाचायची किल्ली मागच्या बाजूला छापलेल्या रंगचक्रात आहे. 'ब्लू मंडे'च्या कडेवरही हेच चौकोन आहेत, पण तिथे चक्र नाही. आता तारखा बघा. 'ब्लू मंडे' आली ७ मार्च १९८३ ला आणि एलपी आली २ मे ला. म्हणजे ज्यांनी पहिल्या दिवशी 'ब्लू मंडे' घेतली ते आठ आठवडे कुलूप घेऊन बसले होते, किल्ली बाजारात यायचीच होती.

सोडवताना पहिली अडचण येते ती दिव्याची. पिवळसर बल्बखाली चक्रावरचा पिवळा आणि नारिंगी एकमेकांत मिसळतात आणि मग अक्षरं चुकतात. दिवसा खिडकीपाशी बसा, नाहीतर पांढरा एलईडी लावा. मोबाइलवर फोटो काढून जुळवू नका. कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. काही अक्षरांना एकच रंग आहे, काहींना दोन रंगांची जोडी, त्यामुळे जोडीचा अर्धाच भाग बघून पुढे गेलात तर पूर्ण शब्द घसरतो. पडताळा घ्यायची सोपी युक्ती अशी: 'ब्लू मंडे'च्या पट्टीवर क्रमांक ७३, दोन्ही बाजूंच्या गाण्यांची नावं (मागच्या बाजूला 'द बीच' आहे) आणि बँडचं नाव, सगळं सलग येतं. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्यात 'ई' हे अक्षर पाच वेळा येतं, बाकी कुठलंच इतक्या वेळा येत नाही. आधी सगळ्यात जास्त वेळा आलेला चौकोन शोधा, तो चक्रावर 'ई'पाशी बसतोय का बघा, मग बाकीचं वाचा. त्या काळचं 'कन्फ्यूजन' हे सिंगलही याच चक्राने वाचता येतं.

'ब्लू मंडे'चं कव्हर सव्वापाच इंची फ्लॉपीसारखं आहे, आणि पहिल्या प्रतींना खरोखरची भोकं कापलेली होती. छपाई इतकी महाग पडली की प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला तोटा व्हायचा असं सांगतात. नंतर भोकं नसलेलं साधं कव्हर आलं. त्यामुळे विकत घेताना 'भोकं कापलेली आहेत की नुसती छापलेली' एवढं विचारा आणि फोटो मागवा. कापलेलं असेल तर तबकडी त्यात ठेवूच नका. काढताना-घालताना भोकाची कड आधी मऊ पडते, मग फाटते. तबकडी वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला आणि कव्हर तिच्या मागे उभं करा.

आता वाजवण्याचं. सूटकेसवाल्या स्वस्त प्लेअरवर 'ब्लू मंडे' लावायचा विचार असेल तर सोडून द्या. सुरुवातीचा तो ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीनचा ठोका हलक्या टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, उचलून फेकतो आणि सुई पुढच्या फेऱ्यात जाते. त्यात लोक भर घालतात ती आर्मवर नाणं ठेवून. त्याने उडी थांबते, पण खोबणी खरवडली जाते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारखी साधी मॅग्नेटिक कार्ट्रिज (दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) पुरे. तिला १.८ ते २.२ ग्रॅम वजन चालतं, २.० वर ठेवा. आर्म आधी अधांतरी समतोल करा, मग वजन द्या, मग डिजिटल काट्यावर मोजा. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. अँटीस्केटिंगही (आर्मची आत ओढ तोलणारं बटण) २ वर.

एवढा खटाटोप का, तर एलपीच्या बाजू 'अ' चं शेवटचं गाणं '५ ८ ६'. ही बाजू साडेबावीस मिनिटांच्या आसपास जाते आणि साडेसात मिनिटांचं हे गाणं थेट लेबलपर्यंत आत सरकतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. आत, मध्यापासून सहा सेंटिमीटरवर, जेमतेम २१. तेच 'स' आणि 'श' तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असतात. कार्ट्रिज जरा तिरकी बसली की ते फसफसतात आणि मग शब्द भलताच ऐकू येतो. कागदी प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या तक्त्यावर) कार्ट्रिज दोन्ही बिंदूंवर सरळ बसवा. तरीही फसफस राहिली तर त्याच कार्ट्रिजला मायक्रोलिनिअर, म्हणजे आणखी बारीक टोकाची, सुई बसते. महाग आहे, पण कंपनी तिचं आयुष्य १,००० तास सांगते, मूळ सुईचं ३०० तास. 'ब्लू मंडे'ला हा त्रास नाही, कारण ती मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरते आणि बाहेरच्या कडेला वेग ६९ सेंटिमीटरपर्यंत जातो. त्याच बँडचं त्याच वर्षीचं काम, पण बारा इंचीवर ड्रम जास्त भरीव वाटतो त्याचं एक कारण हे.

एलपीच्या बाजू 'ब' ला 'युअर सायलेंट फेस' आहे. प्रत खराब आहे का हे कळायला याच्याइतकं उपयोगी गाणं नाही. सिंथचे लांबच लांब सूर, वर मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी). मधलं भोक एक मिलिमीटर जरी बाजूला गेलं असेल तर दर १.८ सेकंदाला, म्हणजे प्रत्येक फेरीला, सूर वरखाली डुलतो. गिटार-ड्रमच्या गाण्यात हे लपून जातं, इथे लपत नाही. टोनआर्मकडे वरून बघा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर प्रत बदलून मागा, टर्नटेबल दुरुस्तीला नेऊ नका.

आता शब्द. एलपीत गाण्यांचे शब्द छापलेले नाहीत. नेटवर जे मिळतात ते एकमेकांवरून उतरवलेले, त्यामुळे दहा ठिकाणी तीच चूक सापडते आणि दहा ठिकाणी आहे म्हणून ती खरी वाटते. 'ब्लू मंडे'ची तबकडी ४५ ऐवजी ३३ वर लावा. आवाज साधारण पाच अर्धस्वर खाली उतरतो, साडेसात मिनिटांचं गाणं दहा मिनिटं चालतं आणि गायक बर्नार्ड सम्नर ज्या व्यंजनांवरून घसरत जातो ती सुटी होतात. सोबत अँप्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. असं ऐकल्यावर निम्म्या शंका फिटतात. एलपीतल्या 'एक्स्टसी'साठी मात्र वेळ घालवू नका. तिथला आवाज व्होकोडरमधून (आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून) गेलाय, त्यातून शब्द निघणार नाहीत.

शब्द कळल्यावर अर्थाकडे वळू. 'ब्लू मंडे' म्हणजे ब्रिटन-अर्जेंटिनाचं १९८२ मधलं फॉकलंडचं युद्ध असं मानणारा मोठा गट आहे. जहाज, बंदर, किनारा ही चित्रं आणि १९८२ चं साल, एवढाच पुरावा. दुसरा गट याच लोकांच्या आधीच्या जॉय डिव्हिजन बँडचा गायक इयन कर्टिस याच्या मृत्यूकडे बोट दाखवतो, तिसरा नशेकडे. तिन्ही बसवता येतात, याचाच अर्थ कुठलंही पक्कं बसत नाही. शीर्षकातले शब्द गाण्यात एकदाही येत नाहीत, एलपीतल्या 'एज ऑफ कन्सेंट'मध्येही नाहीत. या बँडचा क्रम संगीत आधी आणि शब्द शेवटी असा होता, हे विसरलं की लोक प्रत्येक ओळीत गुपित शोधत बसतात. 'युअर सायलेंट फेस'चं कामचलाऊ नाव तर क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या नावावरून 'केडब्ल्यू१' होतं. इतकं गंभीर, देवळात वाजावं असं संगीत, आणि शेवटच्या ओळीत सम्नर ऐकणाऱ्याला सरळ चालता हो म्हणतो, तेही असभ्य शब्दांत. त्यात खोल अर्थ काढणारे लेख आहेत. मला ती चक्क टवाळी वाटते, आणि गाणं त्याने बिघडत नाही, उलट त्याचा भारदस्तपणा डोक्यावर बसत नाही.

अर्थापेक्षा यंत्रांत जास्त सापडतं. 'ब्लू मंडे'तला मागचा कोरस क्राफ्टवर्कच्या 'युरेनियम'वरून इम्युलेटरमध्ये (आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) घेतलेला आहे. बँडच्या जिलियन गिल्बर्टने सिक्वेन्सरमध्ये (सुरावट आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात) सुरावट भरताना एक सूर सुटला, म्हणून ती ठोक्याशी किंचित सटकून चालते. ३३ वर लावलीत तर ही सटक बोटाने ताल धरून पकडता येते.

आवृत्त्यांचा घोळ वेगळाच. १९८७ च्या 'सब्स्टन्स' संग्रहात 'टेम्प्टेशन' आणि 'कन्फ्यूजन' नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत, मूळ सिंगल नाहीत. एकाने मूळ तबकडी ऐकून लिहिलेली ओळ दुसरा 'सब्स्टन्स'वरून खोडून काढतो आणि दोघांचंही बरोबर असतं. मंचावर सम्नर ओळी बदलतो ते वेगळंच. '५ ८ ६' आणि 'वुई ऑल स्टँड' यांच्यासाठी १९८२ चं जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण मिळवा. अल्बमच्या आधीचं आहे, शेजारी शेजारी ऐकलं की शब्द कसे घडत गेले ते दिसतं.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कव्हरला बुरशी येते, आणि पांढरी छपाई आधी डागाळते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या महिन्या-दीड महिन्याने बदला. बाहेरची पिशवी पीव्हीसीची नको, ती चिकटते आणि तबकडीवर धुरकट डाग सोडते. धुवायला डिस्टिल्ड वॉटरच; नळाच्या पाण्यातले क्षार खोबणीत बसून करकरतात.

खरेदीत एक गफलत कायम होते. मूळ ब्रिटिश एलपीवर 'ब्लू मंडे' नाही, काही देशांतल्या कॅसेट-सीडींवर ती घुसवलेली आहे. त्यामुळे एलपी घेतली की तेही आलं असं धरू नका. एकच घ्यायची ऐपत असेल तर एलपी घ्या. बारा इंची घेताना '१९८८' असं छापलेलं मिश्रण नको, ते वेगळं आहे. आपल्याला हवी ती ७ मिनिटं २९ सेकंदांची, मागे 'द बीच' असलेली.