तापणाऱ्या इंजिनाचे खरे कारण शोधणारे विश्रामबागेतील गॅरेज

माझी १५० सीसीची, हवेवर थंड होणारी मोटरसायकल आहे. गळीत हंगामात माधवनगर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे दहा-पंधरा मिनिटे अडकले, की ती हमखास तापत असे. पोटऱ्यांना झळ लागायची, गिअर न्यूट्रलला पडत नसे आणि इंजिनातून खडखड ऐकू यायची. आधीच्या एका गॅरेजने त्यावर ‘चांगले’ म्हणून चारचाकीचे ऑइल भरले. त्यानंतर त्रास उलट वाढला. शेवटी सहकाऱ्याच्या सांगण्यावरून सांगलीत विश्रामबागेतील एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी दिली.

मिस्त्रींनी लगेच पाना हातात घेतला नाही. त्यांनी गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले. चाक अर्ध्या फेरीतच थांबले, कारण ब्रेक इतका आवळलेला होता की ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला सतत घासत होते. म्हणजे इंजिन सारा वेळ त्या ब्रेकशी झुंजत होते. स्पार्क प्लग काढून दाखवला, तर त्याचे टोक तपकिरी असायला हवे ते पांढरट पडले होते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असल्याची ती खूण. सिलिंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये, शेतातली काळी माती ऑइलच्या तवंगात मिसळून दगडासारखी बसली होती. चालत्या गाडीत फिन्सवरून वारा वाहतो आणि उष्णता निघून जाते. गर्दीत मुळात वारा मिळत नाही, त्यात मातीचा थर असल्यावर सिलिंडर थंड होणार कसा? ती माती त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून बांबूच्या कामटीने खरवडून काढली.

ऑइलबद्दल त्यांनी दिलेली माहिती मला सर्वांत मोलाची वाटते. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि चारचाकीच्या काही ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे त्याच्या प्लेटा घसरू लागतात. म्हणून त्यांनी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले २०डब्ल्यू-५० या दाटपणाचे ऑइल, डब्यावरचा ‘जासो एमए२’ हा अशा बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा शिक्का मला दाखवून, खुणेपर्यंतच भरले. गर्दीत क्लच अर्धवट दाबून गाडी रेटू नये, फाटकाशी इंजिन बंद करावे आणि तापलेल्या इंजिनावर कधीही गार पाणी ओतू नये, हेही त्यांनी बजावले.

टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट, थंड इंजिनावरच तपासायचे असल्यामुळे गाडी रात्रभर ठेवावी लागली. ऑइलसह १,१५० रुपये झाले. काम पाहता ते मला वाजवी वाटले. त्यानंतर भर मार्चमध्ये त्याच रस्त्यावर ट्रॉल्यांमागे वीस मिनिटे काढली, तरी न्यूट्रल पहिल्या प्रयत्नात पडला.

तक्रार एकच आहे. येथे लेखी बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि बदललेल्या वस्तूंची नोंदही आपणच ठेवावी लागते. गाडी देताना किलोमीटरचा आकडा आणि ऑइलचा प्रकार वहीत लिहून घ्यावा.