मापाचा शर्ट: गल्लीतल्या शिंप्याकडून पाव इंच मिळवण्याचा खटाटोप

पुरुषांच्या कपड्यांत मोकळीक ती किती? शर्ट, पँट, फार तर सणाला कुर्ता. रंग पांढरा, आकाशी, राखाडी, निळा, आणि धाडस केलंच तर गुलाबी. त्यामुळे आकाशी शर्ट घातलेले दोघे शेजारी उभे राहिले की फरक दिसतो तो पाव-अर्ध्या इंचाचा: कॉलर मानेवर किती उभी राहते, खांद्याची शिवण कुठे संपते, हाफ बाही दंडापासून किती फाकते. रेडीमेड दुकानात यातलं काहीच मागता येत नाही. शिंप्याकडे येतं. पण बरेच जण तिथे जाऊन ‘जरा छान शिवा’ एवढंच सांगून परततात, आणि हाती येतो तो शर्ट रेडीमेडपेक्षाही ढगळ निघतो.

हे परीक्षण कोणा एका दुकानाचं नाही. शहरात काय नि तालुक्याच्या गावी काय, शिलाईचं काम साधारण एकाच पद्धतीने चालतं, त्या सेवेचं आहे.

आधी ही सेवा कुणासाठी, ते. रेडीमेडचा नंबर मुळात छातीवर ठरतो आणि बाकीची मापं त्याच्या अंदाजाने येतात. छाती ४० आणि पोट ४२ असलेल्या माणसाने पोटासाठी मोठा नंबर घेतला की खांदे ओघळतात, बाही तळहातावर येते. शिंपी इथे खरा उपयोगी पडतो. पोटासाठीची रुंदी तो फक्त पुढच्या दोन भागांत देऊ शकतो, पाठ तशीच ठेवून. शिवाय पोटावरून कापड जातं तेव्हा पुढचा घेर वर उचलला जातो, म्हणून पुढची उंची अर्धा ते पाऊण इंच जास्त ठेवायला सांगावं. उतरत्या खांद्यांचंही तसंच. गळ्यापासून बगलेकडे तिरक्या चुण्या पडत असतील, तर दोष खांद्याच्या उताराचा असतो. छाती कितीही आवळली तरी त्या जात नाहीत. एकच खांदा खाली असेल तर चुण्या त्या एकाच बाजूला दिसतात. हे मास्तरांना आरशासमोर उभं राहून दाखवा, नुसतं बोलून कळत नाही.

कापड. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ५८ इंच पन्ह्याचं असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६ मीटर पुरतं, ३६ इंची पन्ह्याला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. चौकडा असेल तर पाव मीटर वर घ्या, नाहीतर खिशावरची रेघ छातीवरच्या रेघेशी जुळणार नाही आणि ते शर्ट असेपर्यंत दिसत राहील. आहेरात आलेले शर्टपीस कपाटात साठलेले असतातच. त्यांतले टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचे, निघाले तर कोकण-मुंबईच्या दमटपणात त्यांच्यावर शिलाई खर्च करू नये, घाम आत राहतो. पॉपलीन किंवा ऑक्सफर्डसारखं सुती कापड घ्यावं. लिनन चालेल, पण चुरगळलेलं बघवत असेल तरच. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडला कापड घेताना मूठभर दाबून सोडा. खळ भरलेलं कापड कडक लागतं आणि एका धुण्यात लुळं पडतं.

शिवायला देण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, किंचित दमट असताना इस्त्री मारायची. सुती कापड ३ टक्के आटलं तरी ३० इंच उंचीतला जवळजवळ एक इंच जातो आणि १६ इंची कॉलर अर्ध्या इंचाने आवळते. खादी आणखी आटू शकते, ती दोनदा भिजवा. ‘धुतल्यावर बसेल, म्हणून लूज ठेवलाय’ हे वाक्य कापड न भिजवण्यातून येतं. आटण्याचा अंदाज मास्तर ढगळपणात टाकतात, आणि तो अंदाज सगळीकडे सारखा लागू होत नाही.

आता कॉलर. शर्टाची निम्मी ओळख तिच्यात आहे, म्हणून वेळ इथे घालवावा. कॉलरची उभी पट्टी मागे किती उंच, हे बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत. सव्वा इंच हे सर्वसाधारण माप. मान आखूड असेल तर एक इंच, लांब असेल तर दीड. टाय घालणार नसाल तर पानांची, म्हणजे कॉलरच्या दुमडून खाली येणाऱ्या टोकांची, लांबी पावणेतीन ते तीन इंच सांगा. आखूड पानांची कॉलर वरचं बटण उघडं असताना दोन्हीकडे निजते. ती निजण्याचं दुसरं कारण म्हणजे पट्टीतलं मऊ बकरम, म्हणजे ताठपणासाठी आत घालतात ते कापड. पट्टीला कडक आणि पानांना मध्यम, असं वेगवेगळं मागता येतं. बकरम चिकटवायचं की शिवायचं, तेही विचारा. चिकटवण्याला नेमकी उष्णता आणि दाब दोन्ही लागतात. हाताच्या इस्त्रीने दाब सगळीकडे सारखा बसत नाही, आणि काही धुण्यांनंतर कॉलरवर फोड येतात. ते मग कुठल्याच इस्त्रीने जात नाहीत. जिथे चिकटवायचं मशीन नाही तिथे भिजवून घेतलेलं शिवायचं बकरम बरं.

आणि दुसरं बटण! वरचं उघडं ठेवणाऱ्याचा गळा किती दिसणार, हे दुसरं बटण ठरवतं. कॉलरच्या बटणापासून ते तीन इंचांवर हवं. चारावर गेलं की छाती उघडी पडते, अडीचवर आलं की गळा घुसमटल्यासारखा दिसतो. वेगळे पैसे पडत नाहीत, पण सांगितल्याशिवाय होतही नाही.

मुंढा, म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात तो काखेजवळचा घेर, खोल कापण्याची सवय फार जुनी. खोल मुंढ्याचा शर्ट काखेत कधी रुतत नाही, म्हणून तक्रार येत नाही. पण हात वर केला की अख्खा शर्ट पँटीतून वर येतो, कारण बाही धडाला खूप खाली जोडलेली असते. मुंढा वर घ्यायला सांगा. पहिले दोन दिवस काखेत जाणवेल, मग नाही.

आपल्याकडचा खरा गणवेश हाफ बाहीचा, जुने लोक त्याला मनिला म्हणायचे. त्याची सगळी शान बाहीच्या तोंडात आहे. दंडाच्या मापापेक्षा दोन, फार तर अडीच इंच जास्त ठेवावं, आणि बाही कोपराच्या दीड-दोन इंच वर संपावी. कोपर झाकणारी रुंद बाही भल्या माणसाला उगाच काडीपैलवान करते. शर्ट बाहेर सोडून घालणार असाल तर उंची मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत, पँटीत खोचणार असाल तर बैठक पूर्ण झाकेल इतकी. दोन्हीला चालेल असा एक शर्ट होत नाही, मास्तर हो म्हणाले तरी.

नक्षीच्या मोहात पडू नये. वेगळ्या रंगाची काजं, कॉलरच्या आत फुलाफुलांचं कापड, कफला दोन रंग हे सगळं दुकानदार आवर्जून सुचवतात. आपलेपण त्यात येत नाही, कारण त्याच आठवड्यात ते आणखी दहा जणांना सुचवलेलं असतं.

चुका कुठे होतात? माप घेणारा, कापणारा आणि शिवणारा हे अनेक दुकानांत तीन वेगळे लोक असतात. कारागीर नगावर पैसे घेतो, कधी दुसऱ्याच गल्लीत बसतो, आणि तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचते ती पावती. म्हणून पट्टी, दुसरं बटण, मुंढा, बाहीचं तोंड हे चार आकडे पावतीवर लिहून घ्या आणि तिचा फोटो काढा. घड्याळ बांधता त्या हाताचा कफ पाव इंच सैल, हेही तिथेच. वजन वर-खाली होत असेल तर बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवून दोन्ही कडा वेगवेगळ्या ओव्हरलॉक करायला, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने गुंफायला, सांगा. एकत्र ओव्हरलॉक करताना माया छाटली जाते, मग पुढे उसवूनही काही हाती लागत नाही.

घरी येऊन मापं घेणाऱ्या ऑनलाइन सेवा आता मोठ्या शहरांत आहेत. पर्याय पुष्कळ, वागणं नीटनेटकं. पण माप घेणारा आणि कापणारा यांतलं अंतर तिथे अजूनच वाढतं, आणि दुरुस्तीला कपडा परत पाठवावा लागतो. कापडाची निवड तिथे चांगली, अंगाला बसण्यात गल्लीतले मास्तर सरस. टी-शर्ट आणि जीन्ससाठी दोघांकडेही जाऊ नये. ब्लेझर फक्त तिथेच, जिथे कच्च्या शिलाईवर ट्रायल देतात.

शर्ट हातात आला की कॉलरचं बटण लावून दोन बोटं आत जातात का पाहा, हात वर करा, खाली बसा. खांद्याची शिवण हाड संपतं तिथेच हवी. एका इंचात १२ ते १४ टाके मोजा, आठ-नऊच असतील तर कारागिराने घाई केलेली आहे. पहिला शर्ट हा कच्चा खर्डाच समजा. एकच शिवा, तीनदा धुवा, जे खटकलं ते पावतीच्या फोटोशी ताडून सांगा, आणि मगच पुढचे तीन टाका.

वेळेचंही गणित आहे. जूनमध्ये शाळेचे गणवेश, गणपतीपासून दिवाळीपर्यंत सणांची गर्दी, तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई. २ ऑक्टोबरच्या आसपास खादी भांडारांत सूट असते, तेव्हा कापड घेऊन भिजवून ठेवा, पण शिवायला टाकू नका. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि गणवेशही उरकलेले असतात. मास्तर टेप गळ्यात टाकून दारात उभे असतात ते त्या दिवसांत.