जुन्या पद्मिनीची दुरुस्ती: जळगावातील एका गॅरेजचा अनुभव

आमच्या १०८९ सीसी प्रीमियर पद्मिनी मोटारीचा गळका रेडिएटर जळगावच्या या गॅरेजमधील मिस्त्रींनी डाख देऊन नीट केला. परंतु गळती थांबून आत पुन्हा दाब धरू लागताच तोवर कशीबशी टिकलेली रबरी नळी फाटली, आणि ती बदलताना वॉटर पंपाखाली गंजाचा तांबूस ओघळ दिसला. खानदेशातल्या मे महिन्यात पंपाकडे काणाडोळा केला, तर इंजिन तापून हेड गॅस्केटही (इंजिनाच्या वरच्या भागाच्या सांध्यातले सील) जाईल, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. काढलेला प्रत्येक भाग त्यांनी हातात देऊन दाखवला. कारागिरी उत्तम आहे. हिशेब मात्र तोंडी (जुन्या गाडीत तो वाढतच जातो), त्यामुळे प्रत्येक नव्या कामाआधी खर्चाचा लेखी अंदाज मागून घ्यावा.